संधिवाताची औषधं चालू आहेत? मग ताप, जखम आणि पावसाळा असा सांभाळा

संधिवाताचा पेशंट दवाखान्यात भरती होतो तो दर वेळी सांध्यांपायीच असं नाही. न्यूमोनिया, चिघळलेली पायाची जखम, लघवीचा संसर्ग, अंगावर उठलेली नागीण, कधी टीबी, अशा कारणांनीही ही माणसं खाटेला खिळतात. गंभीर जंतुसंसर्गाची शक्यता त्यांच्यात इतरांच्या साधारण दीडपट ते दुप्पट असते. इथं संधिवात म्हणजे वयोमानानं गुडघे झिजतात तो नव्हे. दोन्ही हातांची बोटं-मनगटं सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही, रक्तात बहुधा आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी सापडतं, तो आमवात. डॉक्टर त्याला नुसतं ‘आरए’ म्हणतात.

माझं मिरजेत मेडिकल आहे. जत, कवठेमहांकाळपासून पलीकडे अथणीपर्यंतची माणसं इथल्या दवाखान्यांत येतात आणि डॉक्टरांना विचारायचं राहिलेलं काउंटरवर विचारतात. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे, “या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती जाते म्हणे, बंद करू का?” करू नका. भडकलेला आजार स्वतःच संसर्गाला वाट करून देतो. वर सांधे आखडले की माणूस हलत नाही, खोकून कफ काढत नाही, अंग धड धुता येत नाही. शिवाय औषध सोडलं की दुखणं उसळतं आणि ते दाबायला स्टेरॉइड वाढवावं लागतं, तिथं धोका आणखी वाढतो. तेव्हा आधी आपल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते समजून घ्या.

पायरी १: चिठ्ठी वाचायला शिका

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि सल्फासालाझीन यांनी संसर्गाचा धोका फारसा वाढत नाही. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड मधल्या पायरीवर आहेत. नियमित रक्ततपासणी होत असेल तर बहुतेकांना ती वर्षानुवर्षं सोसतात.

खरी काळजी स्टेरॉइडची. प्रेडनिसोलोन, डिफ्लाझाकॉर्ट, मिथाइलप्रेडनिसोलोन ही त्याची नावं. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, ६ मिलिग्रॅम डिफ्लाझाकॉर्ट आणि ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन जवळपास एकाच ताकदीचे, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून डोस कमी झाला असं समजू नका. डोस जितका जास्त आणि जितका लांबलेला, तितका धोका मोठा. ‘फक्त पाचचीच तर आहे’ म्हणत वर्षानुवर्षं घेतलेली गोळीही त्यातून सुटत नाही. गंमत अशी की पेशंटला सगळ्यात आवडती गोळी हीच असते, कारण दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. तिचा डोस हळूहळू उतरवायचा विषय प्रत्येक भेटीत डॉक्टरांकडे तुम्हीच काढा.

टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब या नव्या गोळ्या आता पुष्कळ स्वस्त झाल्यात. त्यांच्यात नागिणीचं प्रमाण ठळकपणे जास्त दिसतं. अडालिमुमॅब, इटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब ही इंजेक्शनं घेताना टीबीकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, आणि रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बीची तपासणी टाळताच येत नाही. या सगळ्यात मधुमेह, तंबाखू, जुनाट फुप्फुसाचा आजार, किडनीचा त्रास किंवा साठीपुढचं वय मिळवलं की धोका आणखी वर चढतो.

मेथोट्रेक्सेटबद्दल जरा जास्त बोलतो, कारण चूक झाली तर जिवावर बेतते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली गेली तर तोंड सोलतं, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि साधा संसर्गही आवरत नाही. बाजारात ती २.५, ५, ७.५, १० आणि १५ मिलिग्रॅम अशा अनेक ताकदींत मिळते; सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळीही दिसायला बरेचदा तशीच, छोटी आणि पिवळी. आमच्याकडे पट्टीवर पेनानं वार लिहून देतो. ज्या आजींना वाचता येत नाही, त्यांना वारही नेमका आठवत नाही, पण गावचा बाजार कधी ते पक्कं ठाऊक असतं. मग सांगतो, “आज्जी, बाजाराच्या दिवशी रात्री जेवल्यावर ही. बाकी दिवशी पट्टीला हात लावायचा नाही.” पट्टी सुनेच्या ताब्यात दिलेली बरी.

चिठ्ठीवर नसलेलं एक औषधही असतं: पुडी. कुठल्याशा लांबच्या गावाहून आणलेली, ‘शंभर टक्के झाडपाला’. दोन दिवसांत दुखणं गायब, भूक वाढते, महिना-दोन महिन्यांत चेहरा वाटोळा होतो, शुगर चढते. अशा पुड्यांत कुटलेलं स्टेरॉइड निघाल्याचं पुन्हा पुन्हा आढळलंय. डॉक्टरांना ‘आरएसाठी आणखी काही घेत नाही’ असं सांगून पुडी चालू ठेवली, तर त्यांचा सगळा हिशोब चुकतो. ओरडा बसेल, बसू द्या. पुडी सोबत नेऊन दाखवा. ती एकदम बंदही करू नका, कारण आतमध्ये स्टेरॉइड असेल तर शरीर अचानक गळून पडतं. प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी म्हणून घेतला जाणारा गुळवेलीचा काढाही डॉक्टरांपासून लपवू नका. गुळवेलीनं यकृताला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत, आणि मेथोट्रेक्सेटचा भार आधीच यकृतावर असतो.

पायरी २: जड औषध सुरू होण्याआधी

इंजेक्शनं किंवा टोफासिटिनिबसारख्या गोळ्या सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीची चाचणी (कातडीत टोचायची मॅन्टू किंवा रक्ताची इग्रा), हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही एवढं झालंच पाहिजे. मॅन्टूबद्दल एक ध्यानात ठेवा: स्टेरॉइड चालू असेल तर ती खोटीच निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून घरात, शेजारात, कामाच्या ठिकाणी कुणाला टीबी होता का, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा. लाज कसली, आपल्याकडे टीबीचे जंतू पुष्कळांच्या अंगात झोपलेले असतात. तपासणीत असा झोपलेला टीबी निघाला तर तो जागा होऊ नये म्हणून काही महिन्यांचं औषध देतात. ते सरकारी टीबी कार्यक्रमातून मोफत मिळतं, चौकशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात करा. टीबीच्या औषधातल्या रिफॅम्पिसिनमुळे प्रेडनिसोलोन आणि टोफासिटिनिब दोन्हींचा असर घटतो, त्यामुळे टीबीचे आणि संधिवाताचे डॉक्टर एकमेकांशी बोललेत ना, हे तुम्हीच बघा.

लसी हा भाग लोक सगळ्यात जास्त टाळतात. मोठ्या माणसांनी कसली लस घ्यायची, असा सूर असतो. घ्यायच्या त्या या: फ्लूची इंजेक्शनवाली लस दर वर्षी, जमलं तर पावसाळा लागण्याआधी, न्यूमोकोकलची न्यूमोनियाविरुद्धची लस, हिपॅटायटिस बी, जर आधी झालेली नसेल तर, आणि नागिणीची दोन डोसांची लस, जी भारतात २०२३ पासून मिळते. ही शेवटची महाग आहे, पण टोफासिटिनिब घेणाऱ्यानं पैसे साठवून घ्यावी असं माझं मत. नागिणीनंतरची आग महिनोन्‌महिने सोसलेली माणसं मी पाहतो. यांतल्या एकाही लशीत जिवंत जंतू नसतो. नाकातून फवारायची फ्लूची लस, कांजिण्यांची किंवा गोवराची लस मात्र जिवंत जंतूंची, ती डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय नको. आजार आटोक्यात असेल तर फ्लूच्या लशीनंतर मेथोट्रेक्सेटचे दोन आठवडे वगळायला काही डॉक्टर सांगतात, म्हणजे लस नीट लागते. रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांनी तर लशीची तारीख इंजेक्शनच्या तारखेशी जुळवूनच ठरवावी, नाहीतर लस वाया जाते.

पायरी ३: घर, शेत आणि गोठा

जंतू आत शिरतात ते कातडीच्या भेगेतून, दातांतून, पोटातून आणि श्वासातून. आपल्या भागात कातडीच्या भेगा भरपूर. ऊसतोडीत पाचटानं हात कापतात, द्राक्षबागेत तारेनं, हळद काढताना नखं निघतात. जखम झाली की वाहत्या पाण्यात साबणानं दोन-तीन मिनिटं धुवा, पोव्हिडोन-आयोडीन लावा, स्वच्छ पट्टी बांधा. सांगलीच्या माणसाला हे सांगणं अवघड आहे, पण जखमेत हळद दाबू नका. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी झालं ते वहीत लिहून ठेवा. शेतात जाताना रबरी हातमोजे आणि बंद बूट, उकाडा असला तरी.

सांध्यांवर बिब्बा घालायची पद्धत गावोगाव आहे. बिब्ब्यानं कातडी जळते, फोड येतो, तो फुटला की उघडं दार. डागणंही तसंच. ज्याच्या अंगात स्टेरॉइड आहे त्याची जखम भरायला आधीच वेळ लागतो, त्यात मुद्दाम कातडी जाळायची म्हणजे कमालच. आजी ऐकत नसतील तर बिब्ब्याची डबी लपवा, मी सांगितलं म्हणून.

आता पाय. आरएमध्ये पायाची बोटं वाकडी होतात, चवड्याखाली कुरुपं धरतात आणि पेशंट ती ब्लेडनं तासतो. हे थांबवा. कोमट पाण्यात पाय भिजवून प्युमिस दगडानं हलकेच घासा किंवा दवाखान्यात काढून घ्या. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्या किरकोळ वाटतात, पण तिथूनच जंतू शिरून अख्खा पाय लाल, गरम, टणक होतो. वाकून बोटं दिसत नसतील तर रात्री नातवाकडून मोबाइलच्या बॅटरीत बेचक्या तपासून घ्या, फडक्यानं कोरड्या करा, चिखल्या दिसल्या तर बुरशीचं मलम लावा. गळ्यात मारली जाणारी स्टेरॉइडयुक्त ‘मिक्स’ मलमं नकोत, त्यांनी बुरशी माजते.

दुधाचं बोलायचं तर धारोष्ण दूध बंद. गोठ्यातून थेट पेल्यात घेतलेल्या दुधातून ब्रुसेला नावाचा जंतू येतो. त्यानं महिनोन्‌महिने येत-जात राहणारा ताप आणि सांधेदुखी होते, आणि सगळे समजतात संधिवात उसळला. गाय व्यायली, गाभडली तर वार काढायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. दात वर्षातून एकदा दाखवा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर लगेच. तंबाखू सोडणं जमलं तर उत्तमच.

पायरी ४: पाऊस, पूर, वारी

सांगलीकराला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे पाणीपातळीचे आकडे पाठ असतात: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. संधिवाताच्या पेशंटनं ४० च्या आधीच बांधाबांध करावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी शिरलं तेव्हा औषधं सगळ्यात शेवटी आठवली, असं पुष्कळांचं झालं. किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या दोन प्लास्टिक पिशव्यांत, चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाइलवर, थर्मामीटर, पोव्हिडोन-आयोडीन, ओआरएस. फ्रीजमधलं इंजेक्शन असेल तर बर्फाच्या पॅकसह डब्यात; ते बाहेर किती दिवस टिकतं हे कंपनीच्या कागदावर असतं, ते आजच वाचून ठेवा.

पुराच्या पाण्यात जनावरांचं, उंदरांचं मूत मिसळतं आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) पसरतो. घर धुवायला, गाळ काढायला तुम्ही उतरायचं नाही. उतरावंच लागलं तर गमबूट. आरोग्य खात्याकडून डॉक्सिसायक्लीन मिळत असेल तर आपल्या गोळ्यांची यादी दाखवून घ्या. निवारा केंद्रात गर्दी असते, तिथं मास्क लावा आणि उकळलेलं पाणी प्या.

सातारच्या बाजूला जून-जुलैत वारी. ज्ञानोबांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत जाते आणि कुणाला जाऊ नको म्हणायची माझी तरी हिंमत नाही. जा, पण आजार शांत असेल, तेव्हाच. मुक्कामाला ओले मोजे बदला, उघड्यावरची चिरलेली फळं आणि बर्फ घातलेला रस टाळा, मेथोट्रेक्सेटचा वार चुकवू नका आणि दिंडीतल्या एकाला तरी तुम्ही कुठल्या गोळ्या घेता हे सांगून ठेवा.

या दिवसांतला ताप म्हणजे डेंग्यू किंवा चिकुनगुन्याही असतो. चिकुनगुन्यात सांधे इतके दुखतात की पेशंट स्वतःच स्टेरॉइड वाढवतो. डेंग्यूत डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकानं रक्तस्राव होऊ शकतो. सांधे दुखतायत म्हणजे आरएच, असं ताप असताना धरू नका.

पायरी ५: कणकण वाटली, आता काय?

काउंटरवर रोज चालणारं बोलणं:

“दादा, आईला कणकण आहे. तापाची एक पट्टी द्या आणि एखादं अँटिबायोटिक.”

“आईला वाताची गोळी चालू आहे ना? ताप किती आहे?”

“मोजला नाही. अंग गरम लागतंय.”

आधी थर्मामीटर, मग पॅरासिटामॉल. गोळी घेऊन मोजलेला ताप काहीच सांगत नाही. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पण ताप नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. स्टेरॉइड ताप दाबतं, आणि टोसिलिझुमॅब हे संधिवाताचं इंजेक्शन घेणाऱ्यात तर सीआरपी, म्हणजे रक्तातली सूज दाखवणारी तपासणीसुद्धा नॉर्मल दाखवून संसर्ग आत वाढत राहतो. म्हणून ज्यांची औषधं जड आहेत त्यांच्यासाठी खूण म्हणजे ताप नव्हे, तर माणसातला बदल: जेवण टाकलं, बोलणं बरळल्यासारखं झालं, चार पावलांत धाप लागली, लघवीला जळजळ, खोकल्यात गडद कफ.

थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं कधी? ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ च्या खाली, श्वास जोरात, थंडी वाजून हुडहुडी, गुंगी, लघवी कमी, किंवा उलट्यांमुळे स्टेरॉइडची गोळी पोटात टिकत नाही तेव्हा. १०८ ला फोन लावा. मिरजेचं आणि साताऱ्याचं सरकारी रुग्णालय चोवीस तास उघडं असतं; उद्या ओपीडीत दाखवू, असं अशा वेळी म्हणायचं नाही.

एक खूण वेगळी सांगतो, कारण तिथं सगळेच फसतात. संधिवात उसळतो तेव्हा सहसा अनेक सांधे दुखतात, दोन्ही बाजूंचे. पण एकच गुडघा किंवा एकच खांदा एका रात्रीत तांबडा, गरम आणि टेकवता येणार नाही इतका दुखरा झाला तर तो संसर्ग समजूनच चाला, बाकी काही ठरेपर्यंत. सुईनं पाणी काढून तपासल्याशिवाय त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणालाही देऊ द्यायचं नाही. पू झालेला सांधा काही दिवसांतच कायमचा निकामी होतो.

नागिणीचंही घाईचं काम. एका बाजूला पट्ट्यासारखी आग आणि मग पुरळ. गावात गेरू लावतात, मंत्र टाकतात, विळखा पूर्ण झाला की माणूस जातो म्हणतात. तसलं काही नसतं. पण ७२ तासांच्या आत ॲसायक्लोविर किंवा व्हॅलासायक्लोविर सुरू झालं तर फरक पडतो, आणि तोंडावर, डोळ्याजवळ उठली तर एक तासही थांबायचं नाही.

आता गोळ्यांचं. संसर्ग झाला आणि अँटिबायोटिक सुरू झालं की मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, टोफासिटिनिब आणि इंजेक्शनं तात्पुरती थांबवायला डॉक्टर बहुतेक वेळा सांगतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन साधारणपणे चालू राहते. स्टेरॉइड मात्र कधीच एकदम बंद करायचं नाही. आजारपणात शरीराला उलट जास्त लागतं, आणि अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळतो. कुठली थांबवायची, कुठली ठेवायची, हा निर्णय फोनवर का होईना संधिवाताच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

गावातल्या डॉक्टरांना दाखवलंत तर पहिलं वाक्य हेच हवं: “मला मेथोट्रेक्सेट चालू आहे.” कारण लघवीच्या संसर्गावर सर्रास दिली जाणारी को-ट्रायमोक्साझोल, म्हणजे आपली सेप्ट्रान, मेथोट्रेक्सेटबरोबर पोटात गेली तर अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतली रक्त तयार करणारी जागा बसते, रक्तातल्या पेशी धडाधड उतरतात. दुकानदार म्हणून सांगतो, ही जोडी एका चिठ्ठीवर क्वचितच येते. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवर येते, आणि दोन चिठ्ठ्या दोन दुकानांत गेल्या की कुणाच्याच लक्षात येत नाही. औषधं शक्यतो एकाच दुकानातून घ्या. ते माझंच असावं असं काही नाही. ऑपरेशन ठरलं तरी तीच यादी सर्जनसमोर ठेवा: मेथोट्रेक्सेट बहुधा चालू ठेवतात, टोफासिटिनिब तीन दिवस आधी थांबवतात, इंजेक्शनच्या तारखा पुढे-मागे करतात.

पायरी ६: बरं झाल्यावर

थांबवलेली गोळी पुन्हा कधी, हे विचारायचं लोक विसरतात. दोन टोकं दिसतात. कुणी ताप उतरला की त्याच रात्री मेथोट्रेक्सेट घेतो, कुणी घाबरून चार महिने घेतच नाही आणि वाकडी बोटं घेऊन परत येतो. साधी रीत अशी की अँटिबायोटिकचा कोर्स संपलेला असावा, ताप-खोकला-पू यातलं काही उरलेलं नसावं आणि सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत), क्रिएटिनिन (किडनी) या तपासण्या पुन्हा करून झालेल्या असाव्यात. पांढऱ्या पेशी अजून कमी असतील किंवा तोंडात छाले असतील तर मेथोट्रेक्सेट नाही. चुकलेला डोस भरून काढायला दुप्पट घ्यायचा नाही, ठरलेल्या वारापासून पुढे चालू करायचं. टीबी झाला असेल तर इंजेक्शन पुन्हा सुरू करायचा निर्णय दोन्ही डॉक्टर मिळून घेतील, त्याला महिने लागतील. एरवी सारं स्थिर असताना हेच रक्त दर दोन-तीन महिन्यांनी तपासायचं. नव्यानं मेथोट्रेक्सेट सुरू झालेल्यांनी सुरुवातीचे काही महिने त्याहून लवकर-लवकर. रिपोर्ट तारखेनुसार एका फायलीत लावा आणि फायलीच्या पहिल्या पानावर चालू गोळ्या, झालेल्या लसी आणि संधिवाताच्या डॉक्टरांचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे रात्री कुणी दुसराच तुम्हाला दवाखान्यात घेऊन गेला तरी त्याला उघडून दाखवता येईल.